गिझरची कळ व्हर्जिनियात

२०२५ च्या दिवाळीत नरक चतुर्दशी २० ऑक्टोबरला होती. नाशकात पहाटेची अभ्यंगस्नानं उरकली होती, फराळाची ताटं उचलली गेली होती. आपल्या घड्याळात दुपारचे सव्वाबारा वाजून गेले असतील, तेव्हा अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हर केंद्रात बिघाड सुरू झाला. एका डेटाबेस सेवेचा इंटरनेटवरचा पत्ताच सापडेनासा झाला आणि तिच्या आधारावर उभ्या असलेल्या सेवा एकामागून एक आडव्या झाल्या. बँकांची अ‍ॅप बंद पडली, निरोपांची देवाणघेवाण थांबली. त्या गोंधळात एक छोटी बातमी होती. ‘एट स्लीप’ नावाची कंपनी दोन हजार डॉलरांहून महाग अशी थंड-गरम होणारी गादी विकते. तिथे तेव्हा मध्यरात्र होती. कुणाची गादी तापत गेली ती थांबेना, कुणाची डोक्याकडची बाजू उचललेल्या अवस्थेतच अडकून बसली. गादी घरात, वीज घरात, माणूस गादीवर; पण तिला ‘गार हो’ म्हणण्याचा हक्क सर्व्हरकडे, आणि सर्व्हर बेशुद्ध. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि लगेच इंटरनेटशिवाय, ब्लूटूथवरून गादी चालवण्याची सोय करून दिली. चार-दोन दिवसांत देता आली ती सोय पहिल्या दिवसापासून का नव्हती, याचं उत्तर या लेखाचा विषय आहे.

गादीची गोष्ट हसून सोडून देता येईल. आपल्याकडे कोण घेतंय असली गादी? पण तापमान राखण्याचं काम घराबाहेर सोपवण्याची सवय नाशकात येऊन पोचली आहे. गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याला नव्या इमारतींच्या जाहिरातींत ‘स्मार्ट होम’ आता जलतरण तलावाच्या शेजारी जाऊन बसलं आहे. एसी घ्यायला गेलं की विक्रेता आधी अ‍ॅप दाखवतो, मग कूलिंग. वाय-फायवर चालणारे गिझर आले आहेत.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट आपल्या मंडळींना बहुधा प्रथम भेटतो तो न्यू जर्सीत किंवा टोरोंटोत, लेकीच्या घरी. नातवंडाच्या वेळी गेलेल्या आजींना पहिल्या दिवशी मिळणाऱ्या सूचनांत ‘त्या गोल डबीला हात लावू नका’ ही एक असतेच. तिथे पूर्ण घर एका भट्टीवर तापतं, त्यामुळे ती डबी म्हणजे घराची मालकीणच. आपल्याकडे थर्मोस्टॅट दिसत नाही, पण तो फ्रिजमध्ये आहे, इस्त्रीत आहे, एसीत आहे आणि न्हाणीघरातल्या गिझरमध्ये आहे.

नाशिकला दोन्ही टोकं सोसावी लागतात. मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो. डिसेंबर उजाडला की राज्यभरच्या वर्तमानपत्रांत निफाड येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद हा हिवाळ्यातला आपला वार्षिक मानबिंदू. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तिथला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. अशा पहाटे गरम पाणी ही चैन नसते. पूर्वी अंगणात तांब्याचा बंब असायचा. त्याला थर्मोस्टॅट नव्हता, पण घरातलं कुणीतरी ढलप्या सारत असायचं आणि पाणी किती तापलं ते बोट घालून सांगायचं. निर्णय घरातच होत होता.

गिझरचं खालचं झाकण काढलेलं कधी पाहिलं नसेल तर मेकॅनिक आला की जरा थांबून पाहा. कॉइलच्या शेजारी एक बारीक नळी टाकीत आत गेलेली असते आणि त्या नळीत वीतभर लांबीचा दांडा. दोन धातू, एक तापल्यावर जास्त वाढणारा, दुसरा जवळपास न वाढणारा. पाणी तापलं की दोघांच्या लांबीत केसभर फरक पडतो आणि तेवढ्यावर वरचा खटका ‘टक्’ करून पडतो. पाणी निवलं की पुन्हा ‘टक्’. ना चिप, ना सॉफ्टवेअर. हा दांडा फसलाच तर त्याच्या वरताण दुसरा कट-आउट असतो, तो वीज तोडतो. तोही फसला तर बाहेरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वाफेचा दाब सोडून देतो. एकावर विसंबून राहायचं नाही, ही शिस्त त्या स्वस्तातल्या पांढऱ्या टाकीत मुरलेली आहे. दांडा बिघडला तर नवा काही शे रुपयांत मिळतो आणि पंधरा मिनिटांत बसतो.

वाय-फायच्या गिझरमध्येही कट-आउट आणि व्हॉल्व्ह असतातच, हे सांगायला हवं. पाणी उकळून टाकी फुटेल अशी भीती घालण्यात अर्थ नाही. कंपन्यांनी जिवाशी संबंधित भाग घरातच ठेवला, कारण मानकांची तशी सक्ती आहे. सक्ती नव्हती तो भाग, म्हणजे केव्हा तापवायचं, किती तापवायचं, कुणी सांगितलं तर तापवायचं, तो मात्र बाहेर नेला. अशा उपकरणाला खाटेवरून अ‍ॅपवर बोट टेकवून आज्ञा दिली की ती आधी राउटरकडे जाते, तिथून केबलवाल्याच्या फायबरवरून शहराबाहेर, तिथून कंपनीने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर. तो पुण्या-मुंबईत असेल, सिंगापुरात असेल, व्हर्जिनियातही असेल. तो ओळख पटवतो, खातं तपासतो आणि ‘तापव’ हा शब्द त्याच वाटेने परत पाठवतो. तुमच्यापासून आठ पावलांवर असलेल्या गिझरला. सगळं ठीक असेल तर यात सेकंदभरही जात नाही. पण या साखळीतल्या किती कड्या तुमच्या ताब्यात आहेत ते मोजून पाहा.

आणि नाशकात सगळं ठीक असतं कधी? सिंहस्थाची कामं सुरू आहेत, रस्ते खणले जाताहेत आणि जेसीबीच्या दातांना फायबर आणि पाइप यांतला फरक कळत नाही. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा जेमतेम किलोमीटरभराचा ‘स्मार्ट रोड’ किती काळ उखडलेला होता ते आपण विसरलेलो नाही.

विजेचा लपंडाव हा आणखी एक जाच, आणि हे यंत्र बनवणाऱ्याच्या डोक्यातही आलं नसावं. वाय-फायचे बरेच दिवे आणि प्लग अशा बेताने बनवलेले असतात की लागोपाठ तीन-चारदा बंद-चालू केले की ते आपली सगळी ओळख पुसून नव्याने जोडून घ्यायला तयार होतात. जिथे वीज वर्षात एखाद्या वेळी जाते तिथे ही सोय. आपल्याकडे पहिल्या वळवाला वीज जाते, येते, पुन्हा जाते, येते. आणि हॉलमधले दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागतात, की आम्हाला कुणीतरी नव्याने जोडा. मग कुणाचा तरी मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगत बसतो, बाबा आधी फोनचं लोकेशन चालू करा. त्यात राउटर बदललेला असला तर संपलंच. यातली बहुतेक यंत्रं वाय-फायचा जुना २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाच ओळखतात, आणि ते घरात कुणालाच ठाऊक नसतं.

हे झाले किरकोळ त्रास. मोठ्या नमुन्यांसाठी बाहेर जावं लागतं, कारण तिथे हा प्रयोग आपल्या आधी झाला. २०११ मध्ये ‘नेस्ट’ हा घराच्या सवयी शिकणारा थर्मोस्टॅट आला आणि २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी ३२० कोटी डॉलरांना घेतली. जानेवारी २०१६ मध्ये, ऐन हिवाळ्यात, त्याच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतल्या दोषाने बॅटऱ्या उतरल्या आणि लोक गारठलेल्या घरात जागे झाले. ती आवृत्ती कुणी मागितली नव्हती. ती आपली आपण येऊन बसली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात फिनलंडमधल्या लाप्पेनरांता गावी दोन इमारतींच्या हीटिंग यंत्रणेवर इंटरनेटवरून फालतू विनंत्यांचा असा भडिमार झाला की नियंत्रक पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होत राहिला आणि घरं तापेनात. बाहेर गोठवणारी थंडी. घर गरम ठेवायला इंटरनेट लागत नाही. पण नियंत्रक इंटरनेटला उघडा ठेवला होता, आणि इंटरनेटवरचा दंगा घरात आला.

कोलोरॅडोतला प्रकार मला यापेक्षा जास्त बोचतो, कारण तिथे काहीच बिघडलं नव्हतं. ३० ऑगस्ट २०२२ ला कडक उन्हाळ्यात वीज कंपनीने सुमारे बावीस हजार घरांचे थर्मोस्टॅट लांबून कुलूपबंद केले. या ग्राहकांनी शंभर डॉलर आणि वर्षाला आणखी पंचवीस डॉलर घेऊन तशी संमती दिलेली होती. एरवी त्यांना तापमान हाताने बदलता यायचं, त्या दिवशी विजेची आणीबाणी म्हणून तेही बंद. घरात तीस-एकतीस अंश आणि भिंतीवरची डबी म्हणते, आत्ता नाही. वीज वाचवायला हवी हे खरं. सर्वांनी मिळून वाचवावी हेही खरं. पण संमतीच्या कागदाखाली सही करताना कितीजणांनी तो वाचला असेल? आपण अ‍ॅपमध्ये ‘मान्य आहे’ दाबतो तेव्हा वाचतो का?

हा प्रश्न आपल्या दारात यायला वेळ नाही. महावितरणचे नवे मीटर नाशिकमध्ये बसताहेत. २०२३ मध्ये नाशिक आणि जळगाव परिमंडळांतल्या सुमारे २८ लाख ८६ हजार मीटरांचं काम एनसीसी या कंपनीला दिलं गेलं. आधी ते प्रीपेड असणार होते. राज्यभर विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये देवेंद्र फडणवीसांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. पुढे हेच मीटर टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दर) मीटर म्हणून येऊ लागले. १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळातल्या घरगुती वापराला युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. दिवसा सौरवीज मुबलक असते, ती तेव्हा वापरली जावी हा हेतू चांगला आहे. पण आंघोळ पहाटे असते आणि एसी रात्री. म्हणजे उद्या गिझरने दुपारीच पाणी तापवून ठेवावं, एसीने पाचच्या आत खोली गार करून ठेवावी, असं सांगणारी अ‍ॅप येतील, आणि त्यांच्या मागोमाग ‘तुमच्या वतीने आम्हीच करतो’ म्हणणाऱ्या योजना. मुंबईत टाटा पॉवरने २०२३ मध्ये घरगुती ग्राहकांना गर्दीच्या वेळी वापर कमी करायला सांगणारी योजना सुरू केली. त्यात ग्राहकाने आपल्या हाताने बटण बंद करायचं होतं. ही रीत मला पटते. विनंती यावी, हात माझा असावा.

मीटरची वीज मोजण्याची रचना इथे शिकण्यासारखी आहे. मोबाइलची रेंज गेली म्हणून मीटर मोजायचा थांबत नाही. आकडा तिथेच साठतो, नंतर पोचतो. लांबून वीज तोडण्याची सोयही त्यात असते, आणि लोकांचा राग तिच्यावर होता, तो अगदीच निराधार नव्हता.

पण तापमान कसं सांभाळायचं हे नाशिकला कुणी शिकवायची गरज आहे का? पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, मोहाडीच्या बाजूला हंगामात एखाद्या पॅकहाउसमध्ये जा. द्राक्ष सकाळी तुटलं की त्याच्या अंगातली उष्णता काढायची घाई सुरू होते. प्री-कूलिंगच्या खोलीत सहा-आठ तासांत घड चार अंशांपर्यंत किंवा त्याखाली आणायचा, मग शीतगृहात शून्य ते एक अंशावर, नव्वद-पंच्याण्णव टक्के आर्द्रतेत ठेवायचा. अंशभराचा हेलकावा इथे महाग पडतो. तापमान वर गेलं की देठ तपकिरी पडतो आणि युरोपातला खरेदीदार आधी देठ बघतो, मग मणी. पेटीतल्या ग्रेप गार्डच्या कागदात गंधकाचा क्षार असतो, तो दमटपणाने हळूहळू वायू सोडून बुरशी रोखतो. खोली गरम होऊन पुन्हा गार झाली की पेटीत पाणी सुटतं, कागद एकदम वायू ओकतो आणि मणी पांढरे पडतात. एका रात्रीत लाखोंचा माल.

इतकं पणाला लागलेलं असताना नियंत्रण कुठे ठेवतात? दाराशेजारच्या पॅनेलवर. खोलीतला सेन्सर, वीतभर डबीतला नियंत्रक, कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर, सगळं एकमेकांपासून काही फुटांवर आणि तारेने जोडलेलं. हल्ली मालकाच्या फोनवर तापमान दिसतं, पारा चढला तर मध्यरात्री फोन वाजतो, तो वाजायलाच हवा. पण इंटरनेट गेलं तर इतकंच होतं, की मालकाला दिसत नाही. खोली गारच राहते. वीज गेली तर जनरेटर, नियंत्रक गेला तर ऑपरेटर हाताने कॉम्प्रेसर चालवतो. न्हावा-शेव्याहून रॉटरडॅमकडे निघालेल्या कंटेनरचंही तसंच: लांबून नजर ठेवतात, पण शून्य अंश राखणारा मेंदू कंटेनरच्या तोंडावरच बसलेला असतो, भर समुद्रात कुणाला न विचारता. वायनरीतही आंबवणीच्या टाकीभोवती गार पाणी खेळवणाऱ्या झडपेचा निर्णय टाकीपाशीच होतो. नजर लांब, निर्णय जवळ. द्राक्षाला जी शिस्त लावली, ती पहाटे पाच वाजता अंगावर पाणी घेणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाला का नाही?

कारण धंद्याचं आहे. निर्णय यंत्रात ठेवायचा तर यंत्रात जरा बरा नियंत्रक हवा, त्याची चाचणी हवी. निर्णय सर्व्हरवर ठेवला की यंत्रात स्वस्तातली वाय-फायची चिप पुरते आणि अ‍ॅप तयार मिळतं. चीनमधल्या हांगचौच्या ‘तुया’च्या व्यासपीठावर जगभरातल्या असंख्य ब्रँडांची उपकरणं चालतात, खोक्यावरचं नाव वेगळं, आतलं दुकान एक. शिवाय ग्राहक बांधला जातो, घर कधी रिकामं असतं, कोण किती वाजता उठतं याची नोंद आपसूक जमते. आपला वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. घरातल्या गिझरपर्यंत त्याची नजर पोचेल तेव्हा पोचेल.

एक गोष्ट मात्र कायद्याच्याही आवाक्याबाहेरची आहे. अ‍ॅपला एक मालक लागतो. खातं ज्याच्या फोनवर, घर त्याच्या हातात. सोसायटीत अशी घरं दिसतात, जिथे एसीचं खातं मुलाच्या नावावर आहे आणि मुलगा बंगळुरूला. आईला गरम झालं तर ती फोन करते, आणि तो मीटिंगमध्ये असतो. रिमोट होता, पण अ‍ॅप आल्यावर तो कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये गेला आणि त्याचे सेल पाझरले. मुलाला वाटतं आपण आईबाबांची काळजी घेतो; खरंच घेत असतो. पण तिकडून चोवीसवर नेऊन ठेवलेला एसी इकडे आईला अपमानासारखा वाटू शकतो, हे त्याला कोण सांगणार? घरात धुसफूस असेल तर याचा रंग आणखी बदलतो. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये लिहिलं होतं की, छळणारे नवरे किंवा माजी जोडीदार घरातले थर्मोस्टॅट, कुलपं, दिवे लांबून चालवून बायकांना हैराण करतात. त्या बाईला आपल्यालाच भास होतात की काय असं वाटू लागतं. आपल्याकडे पासवर्ड घरातल्या एकाच पुरुषाला ठाऊक असणं हे अगदी सर्वसाधारण आहे. यात तंत्रज्ञांनी फार लक्ष घातलेलं नाही.

मग आयुष्याचा प्रश्न. हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट १९५३ चा. तसले अजून जुन्या घरांत चालतात. ‘नेस्ट’च्या पहिल्या दोन पिढ्यांचा आधार गूगलने २५ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला, डबी भिंतीवर हाताने चालते, फोनवरून नाही, म्हणजे ज्याच्यासाठी पैसे मोजले तेच गेलं. ‘रिव्हॉल्व्ह’ नावाची घर सांभाळणारी डबी २०१६ मध्ये सर्व्हर बंद केल्याने ठोकळा झाली. ‘इन्स्टिऑन’चे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचनेशिवाय बंद पडले. बेल्किनने आपल्या ‘वीमो’ उपकरणांपैकी बहुतेकांची क्लाउड सेवा ३१ जानेवारी २०२६ पासून थांबवण्याचं आधीच सांगितलं, तेवढं बरं. यातली यंत्रं बिघडलेली नव्हती. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वीस-वीस वर्षं चालणारी यंत्रं सांभाळणाऱ्या फिटरला ही गोष्ट सांगून पाहा. तो तुमच्याकडे कीव करून बघेल. एम. जी. रोडवर मोबाइलचं काहीही दुरुस्त होतं, पण बंद पडलेला सर्व्हर तिथेही दुरुस्त होत नाही.

मग अ‍ॅप नकोच का? तसं नाही. बाहेरगावी गेल्यावर गिझर चालू राहिल्याचं फोनवर कळणं ही खरी सोय आहे. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो, आणि १ जानेवारी २०२० पासून नवे स्टार-लेबलचे एसी सुरुवातीला चोवीस अंशांवरच लागतात. पण ती चोवीसची सोय यंत्राच्या आत आहे. रात्री दोनला बंद होण्यासाठी रिमोटवर टायमरचं बटण आहे, ते आपण कधी दाबलेलं नसतं. हौस असेल त्यांच्यासाठी ‘होम असिस्टंट’ आहे; पॉल्युस स्काउट्सनने २०१३ मध्ये सुरू केलेली ही मोफत प्रणाली घरातल्याच छोट्या संगणकावर चालते, आणि यंत्र तसं निवडलं तर त्याला बाहेरच्या कुणाला विचारावं लागत नाही. त्यासाठी खटपट करणारा एकजण घरात लागतो. तो नसेल तर साधा दांडा आणि साधा टायमर पुरतो.

या दिवाळीत एसी, गिझर, पंखा, काहीही घेणार असाल तर दुकानदाराला एक विनंती करा: वाय-फाय बंद करून चालवून दाखवा. कळ दाबून सुरू होतो का, तापमान बदलतं का, लावलेली वेळ पाळतो का, वीज जाऊन आल्यावर आपल्या जागी परत येतो का. आणि खातं कुणाच्या नावावर करायचं विचारलं, तर जे त्या घरात राहतात आणि ज्यांना गरम-थंड होतं, त्यांच्या नावावर करा. दुकानदार वाय-फाय बंद करायला तयार नसेल, तर ते यंत्र त्याच्याच दुकानात राहू द्या.